दोन दिसणं आणि दोन असणं

दीर्घिका एकमेकींत मिसळल्या की त्यांच्या पोटातल्या अवाढव्य कृष्णविवरांचं काय होतं, या एका प्रश्नात माझी चौदा वर्षं गेली. पहिली सहा वर्षं पुण्यात राहून जोडीची कृष्णविवरं शोधण्यात, आणि नंतरची पल्सारांच्या वेळा मोजण्यात. आमचा मळा खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीपासून सायकलच्या अंतरावर. तारेच्या जाळीच्या त्या पंचेचाळीस मीटरच्या तबकड्या मला लहानपणी कांद्याच्या चाळीइतक्याच सवयीच्या होत्या. त्या नेमकं काय ऐकतात हे कळायला मात्र एमएस्सी व्हावं लागलं. दर २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाला, तिथे शाळांची झुंबड उडते. मी एका टेबलामागे उभी राहून समजावून सांगते आणि घसा बसवून घरी येते. खाली जे लिहिलं आहे ते अर्धं त्या टेबलापाशी सुचलेलं, अर्धं चुका करून शिकलेलं.

१. ‘टक्कर’ म्हणू नका

हा शब्द मीही वापरते आणि दर वेळी पस्तावते. टक्कर म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर दोन ट्रक येतात. सूर्य एक मिलिमीटरच्या मोहरीच्या दाण्याएवढा धरला आणि तो नारायणगावच्या एसटी स्टँडवर ठेवला, तर सर्वांत जवळचा दुसरा तारा सुमारे २९ किलोमीटरवर, मंचर ओलांडून राजगुरुनगरच्या वाटेवर येतो. जीएमआरटीच्या एका टोकाच्या तबकडीपासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर २५ किलोमीटर, हे त्याहूनही जास्त. मधे काही नाही. अशा दोन दीर्घिका एकमेकींतून गेल्या तर तारे ताऱ्यांवर आपटत नाहीत. वायूचे ढग मात्र आपटतात, दाबले जातात, त्यांतून नवे तारे जन्मतात, आणि काही वायू केंद्राकडे घसरून कृष्णविवरांच्या तोंडी लागतो. सगळ्या प्रकाराला काही कोटी ते अब्जावधी वर्षं लागतात. ‘मिसळणं’ हाच शब्द बरा.

२. कृष्णविवर ओढून घेत नाही, ते स्वतःच ओढलं जातं

विज्ञान दिनाचा ठरलेला प्रश्न: कृष्णविवर सगळी दीर्घिका गिळून टाकत नाही का? नाही. आपल्या आकाशगंगेच्या मध्यावरचं कृष्णविवर सूर्याच्या सुमारे ४३ लाख पट वजनाचं आहे. आकडा मोठा वाटतो, पण सगळ्या आकाशगंगेच्या हिशेबात तो किरकोळ आहे.

मिसळलेल्या दीर्घिकेत दोन कृष्णविवरं मध्यापासून हजारो प्रकाशवर्षं दूर फिरत असतात. ती आत येतात ती ताऱ्यांमुळे. जड वस्तू ताऱ्यांच्या गर्दीतून जाताना तिच्या ओढीने तारे वळतात आणि तिच्या मागच्या बाजूला थोडे दाटतात. ती मागची दाटी तिला मागे खेचते. वेग कमी होतो, कक्षा आत सरकते. हे गणित सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४३ साली मांडलं, तेव्हा कृष्णविवरांचा विषयही नव्हता. चंद्रशेखर म्हटलं की आपल्याकडे सगळे श्वेतबटू ताऱ्यांच्या वजनाच्या मर्यादेवर थांबतात. माझ्या मते हे दुसरं काम तितकंच मोठं आहे.

यातली खोच अशी की वस्तू जेवढी जड तेवढी लवकर आत येते. लहान दीर्घिका मोठीत शिरली तर तिचे तारे वाटेतच ओरबाडले जातात, आणि तिचं हलकं कृष्णविवर एकटंच कडेला घिरट्या घालत राहतं. प्रत्येक मिसळण्यातून जोडी जमतेच असं नाही.

३. शेवटची तीन प्रकाशवर्षं सगळ्यांत लांब असतात

या एका गोष्टीने मला या विषयात अडकवलं, म्हणून इथे थोडा वेळ घेते.

हजारो प्रकाशवर्षं आत येण्याचं काम ताऱ्यांच्या ओढीने होतं. दोघं पुरेशी जवळ आली की एकमेकांभोवती फिरू लागतात. मग जो तारा त्या जोडीच्या मधे सापडतो तो गोफणीतल्या दगडासारखा बाहेर भिरकावला जातो, आणि जाताना जोडीची थोडी ऊर्जा घेऊन जातो. प्रत्येक ताऱ्यामागे जोडी थोडी आवळते. पण मधे सापडतील असे तारे मोजकेच. ते संपले की गोफण रिकामी.

आता तुम्ही म्हणाल, गुरुत्वीय लहरी आहेतच की ऊर्जा बाहेर न्यायला. आहेत, पण त्या फार जवळून काम करतात. सूर्याच्या दहा कोटी पट वजनाची दोन कृष्णविवरं एकमेकांपासून एक पार्सेक, म्हणजे सव्वातीन प्रकाशवर्षांवर, गोल कक्षेत फिरत असतील, तर निव्वळ लहरींच्या जोरावर त्यांना एकत्र यायला सुमारे तीनशे लाख कोटी वर्षं लागतील. विश्वाचं वय १,३८० कोटी वर्षं. पहिल्यांदा हे गणित हाताने केलं तेव्हा कुठेतरी घात चुकला असं वाटून तीनदा तपासलं. चुकला नव्हता. तेच अंतर शंभरपटीने कमी करा, आणि काळ दहा कोटी पटीने कमी होऊन तीसेक लाख वर्षांवर येतो. म्हणजे मधला एक पट्टा असा आहे की तिथे तारेही कामाचे नाहीत आणि लहरीही नाहीत. बेगेलमन, ब्लँडफर्ड आणि रीस यांनी १९८० साली हा सगळा प्रवास एका लेखात मांडला, आणि त्यातल्या या अडलेल्या टप्प्याला पुढे ‘शेवटच्या पार्सेकची अडचण’ असं नाव पडलं.

आमचे अण्णा द्राक्षबाग बघतात. विज्ञानाशी त्यांचा संबंध हवामानाच्या अंदाजापुरता. त्यांना मी हे एकदा ओट्यावर बसून सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “म्हणजे बघणं झालं, पसंती झाली, आता याद्यांवर अडलंय.” तेव्हापासून फोन आला की पहिला प्रश्न तोच: “अगं, जुळलं का त्यांचं?”

जुळण्याच्या वाटा आहेत. मिसळून तयार झालेली दीर्घिका गोल गरगरीत नसते, वेडीवाकडी असते. अशा दीर्घिकेत ताऱ्यांच्या कक्षा बदलत राहतात आणि नवे तारे गोफणीत येत राहतात. दोघांभोवती वायूची तबकडी असेल तर तीही त्यांना आत ढकलू शकते. कधी तिसरी दीर्घिका येऊन मिसळते आणि तिसरं कृष्णविवर सगळी घडी विस्कटून टाकतं. पूर्वी मला ही अडचण म्हणजे भिंत वाटायची. आता ती मला खड्ड्यांचा रस्ता वाटते: गाडी हळू जाते, पण जाते.

भिरकावलेल्या ताऱ्यांची खूणही मागे राहते. एनजीसी १६०० या दीर्घिकेच्या मध्यावर १,७०० कोटी सूर्यांच्या वजनाचं कृष्णविवर आहे, असं २०१६ मध्ये जाहीर झालं. पण जिथे ताऱ्यांची सर्वांत दाट गर्दी हवी तिथेच उजेड फिका आहे. सुमारे ४,००० कोटी सूर्यांइतके तारे तिथून हाकलले गेले असावेत असा हिशेब निघतो. मला स्वतःला कुठल्याही चित्रापेक्षा हा फिका मध्यभाग जास्त पटतो.

४. दोन दिवे म्हणजे दोन गाड्या नव्हेत

ही माझी सर्वांत महागडी चूक.

दीर्घिकेच्या केंद्राजवळच्या ऑक्सिजन वायूची एक ठळक हिरवी रेषा वर्णपटात दिसते. काही दीर्घिकांत ती एकाच शिखराची न दिसता दोन शिखरांची दिसते. एक शिखर आपल्याकडे येणाऱ्या वायूचं, दुसरं दूर जाणाऱ्याचं. सरळ अर्थ असा की दोन केंद्रं एकमेकांभोवती फिरताहेत आणि प्रत्येकाने आपापला वायू सोबत नेला आहे. अशी एक दीर्घिका माझ्या यादीत होती. रेडिओ प्रतिमा काढली तर तिच्यात दोन टपोरे ठिपके. मी त्या रात्री झोपले नाही. आठवडाभरात लेखाचा मसुदा तयार, शीर्षकासकट.

माझ्या मार्गदर्शक सरांनी तो वाचला आणि विचारलं, “रात्री नाशिक रोडला समोरून दोन दिवे येतात, तेव्हा तू काय समजतेस? दोन मोटारसायकली की एक ट्रक?”

मग मी तेच ठिपके वेगळ्या वारंवारितेवर पाहिले. कृष्णविवराचा खरा गाभा असेल तर वरच्या वारंवारितेलाही त्याचं तेज फारसं उतरत नाही. कृष्णविवराजवळून सुटणाऱ्या झोताच्या टोकाशी साचलेला जुना पदार्थ असेल तर ते झपाट्याने उतरतं. माझे दोन्ही ठिपके झपाट्याने उतरले. एकच कृष्णविवर होतं, दोन बाजूंना झोत फेकणारं. आणि हिरव्या रेषेची दोन शिखरं त्या झोतांनी ढकललेल्या वायूची. ट्रक. पुढे जगभरातल्या अशा दुहेरी शिखरांची छाननी झाली तेव्हा बहुतेक ठिकाणी हाच निकाल लागला. मसुदा अजून माझ्याकडे आहे, शीर्षकासकट.

खरी जोडी कशी दिसते? एनजीसी ६२४० ही दीर्घिका पाहा. दृश्य प्रकाशात तिचा मध्य धुळीने झाकलेला. क्ष-किरण धुळीतून पार होतात, म्हणून चंद्रा या क्ष-किरण दुर्बिणीने पाहिलं तेव्हा दोन लखलखीत गाभे निघाले, सुमारे तीन हजार प्रकाशवर्षं अंतरावर, असं २००२ मध्ये जाहीर झालं. (चंद्रा हे नावही त्याच चंद्रशेखरांचं.) ०४०२+३७९ या दीर्घिकेत २००६ साली दोन गाभे अवघ्या चोवीस प्रकाशवर्षांवर सापडले, तेही अमेरिकाभर पसरलेल्या दहा अँटेना एकत्र जोडून. ते दोघं मिळून १,५०० कोटी सूर्यांइतके जड आहेत, आणि एक फेरी मारायला त्यांना साधारण तीस हजार वर्षं लागतात.

पुण्यातल्या एनसीआरए या रेडिओ खगोलशास्त्राच्या संस्थेतल्या संशोधकांनी २०१७ मध्ये एनजीसी ७६७४ मध्ये त्याहूनही जवळची, साधारण एका प्रकाशवर्षावरची जोडी मांडली. तिचा झोत इंग्रजी झेडसारखा वळलेला आहे, म्हणून मुळात तिकडे लक्ष गेलं. त्या दोन ठिपक्यांवर नंतर दुसऱ्या गटाने शंका घेतली. मला यात कुणाचीच मानहानी दिसत नाही. एक प्रकाशवर्ष म्हणजे इतक्या दुरून काय दिसतं ते पुढच्या मुद्द्यात बघा.

५. आधी त्रैराशिक मांडा

चाळीस कोटी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकेत एक विकला, म्हणजे अंशाचा छत्तीसशेवा भाग, सुमारे १,९०० प्रकाशवर्षांइतका होतो. जीएमआरटीची नजर तिच्या वरच्या वारंवारितेला दोनेक विकलांची. म्हणजे चार हजार प्रकाशवर्षांच्या आतलं सगळं तिला एकच. पार्सेकवरची जोडी तिला दिसणं शक्य नाही. हे त्रैराशिक मी पहिल्या वर्षी मांडायला हवं होतं. तिसऱ्या वर्षी मांडलं.

६. दोन हेलकाव्यांवर पत्रिका जुळवू नका

जी जोडी दिसत नाही ती तिच्या उजेडाच्या चढउतारावरून ओळखावी, हा पुढचा मार्ग. २०१५ मध्ये पीजी १३०२-१०२ या क्वेसारचा, म्हणजे दूरच्या दीर्घिकेच्या झगमगत्या केंद्राचा, उजेड दर ५.२ वर्षांनी हेलकावे खातो असं जाहीर झालं. नोंदी होत्या नऊ वर्षांच्या. दोन फेऱ्याही पुऱ्या नाहीत. क्वेसार मुळातच लहरी असतात, आणि लहरी वस्तूच्या थोड्या नोंदी पाहिल्या तर डोळा त्यात नियमितपणा शोधतोच, हे लवकरच इतरांनी दाखवून दिलं. २०२२ मध्ये एसडीएसएस जे१४३०+२३०३ या दीर्घिकेची बातमी आली: हेलकावे वर्षावरून महिन्यावर आले, तीन वर्षांत दोघं एकत्र येणार! मुहूर्त टळून गेला, कार्य काही झालं नाही.

ओजे २८७ या अशाच एका झगमगत्या केंद्राचं प्रकरण वेगळं आहे आणि मी त्याच्याबद्दल जपून बोलते. त्याच्या फोटो-नोंदी १८८८ पर्यंत मागे जातात, आणि साधारण बारा वर्षांनी तो भडकतो. फिनलंडच्या माउरी वाल्टोनेन यांचं आणि मुंबईच्या टीआयएफआरमधल्या मंडळींचं गणित असं की १,८०० कोटी सूर्यांच्या कृष्णविवराभोवती १५ कोटी सूर्यांचं दुसरं फिरतं आणि पहिल्याभोवतीची वायूची तबकडी प्रत्येक फेरीत दोनदा फोडून जातं. त्यांनी ३१ जुलै २०१९ चा भडका आधी सांगितला. तेव्हा ओजे २८७ पृथ्वीवरून सूर्याच्या उजेडात हरवला होता. दूर अंतराळात असलेल्या स्पिट्झर दुर्बिणीला दिसला, आणि भाकीत चार तासांच्या आत जुळलं. आमच्या कँटीनमध्ये त्या दिवशी चहा कुणी पाजला यावर भांडण झालं होतं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये अपेक्षित मोठा भडका मात्र डोळ्यांत तेल घालून बसलेल्यांना दिसला नाही. मोठं कृष्णविवर १,८०० कोटी नव्हे, दहा कोटी सूर्यांचंच आहे असं म्हणणारा गट आता आहे. इथे दोन कृष्णविवरं असावीत असं मला अजूनही वाटतं. वजनाबद्दल पैज लावणार नाही.

७. दिसत नसेल तर ऐका, पण घड्याळ चांगलं हवं

दोन दिसणं आणि दोन असणं यांत माझी अशी सहा वर्षं गेल्यावर मी पल्सारांकडे वळले. खोडदच्या तबकड्यांना जोडी दिसत नाही, पण त्यांना घड्याळ अचूक वाचता येतं.

जे१९०९-३७४४ हा पल्सार, म्हणजे नेमाने रेडिओ-ठोके पाठवणारा मृत तारा, सेकंदाला सुमारे ३३९ वेळा फिरतो. त्याचे ठोके वर्षानुवर्षं मोजले आणि पृथ्वी व पल्सार यांच्यामधून गुरुत्वीय लहर गेली, तर ठोके थोडे आधी-नंतर पोचतात. आपल्याला हवा असलेला फरक सेकंदाच्या एक कोटीव्या भागाएवढा. वाटेतले इलेक्ट्रॉन या कामात घोळ घालतात: ४०० मेगाहर्ट्झचा ठोका १,४०० च्या ठोक्यापेक्षा सुमारे पाव सेकंद उशिरा येतो, आणि हा उशीरही वाटेतल्या वायूप्रमाणे, सौरवाऱ्याप्रमाणे बदलत राहतो. म्हणून तबकड्यांचे गट पाडून दोन्ही वारंवारितांना एकाच वेळी ऐकायचं. खालच्या वारंवारितेला उशीर मोठा, म्हणून तो मोजता येतो आणि वजा करता येतो. हे काम सुधारित जीएमआरटीला उत्तम जमतं. युरोपातल्या मोठमोठ्या दुर्बिणींकडे दोन तपांहून अधिक काळाच्या नोंदी होत्या, पण ही खालची बाजू त्यांच्याकडे लंगडी होती.

अडचणी साध्या असतात. पहाटे तीनला पल्सार डोक्यावर आणि जवळच्या विजेच्या तारांवर कुठेतरी ठिणगी पडत असते. पडद्यावर सगळा कचरा. कंट्रोल रूममध्ये मोबाइल बंद. एकदा बागेत मोटार चालू करायला गेलेल्या आमच्याच अण्णांना मी रात्री फोन करू नका म्हणून बजावलं होतं. ते म्हणाले, “तुझी कृष्णविवरं माझ्या फोनला भितात व्हय?”

२९ जून २०२३ ला जगभरातल्या गटांनी एकाच दिवशी निकाल जाहीर केले. युरोपीय आणि भारतीय गटाने मिळून २५ पल्सारांच्या जवळजवळ २५ वर्षांच्या नोंदी मांडल्या, अमेरिकी गटाने १५ वर्षांच्या. सगळ्यांना एक संथ घरघर ऐकू येत होती. खूण एकच पाहायची होती: कोणत्याही दोन पल्सारांच्या ठोक्यांतला मेळ त्यांच्यामधल्या कोनाप्रमाणे विशिष्ट तऱ्हेने बदलला पाहिजे. हेलिंग्ज आणि डाउन्स यांनी ती वक्ररेषा १९८३ मध्येच काढून ठेवली होती. आमचे ठिपके त्या रेषेच्या आसपास बसले. आम्ही ‘पुरावा’ म्हटलं, ‘शोध’ म्हटलं नाही, कारण खात्रीची ठरलेली पातळी गाठली नव्हती. एका पत्रकाराने तरी ‘शोध’ छापलंच.

ही घरघर कुणा एका जोडीची नाही. नारायणगावच्या यात्रेचा गलबला मळ्यात ऐकू येतो, पण त्यातला पाळणेवाला कोणता आणि शेववाला कोणता ते कळत नाही, तसं आहे. ती विश्वाच्या आरंभकाळातून आलेली असण्याचीही शक्यता अजून पुसलेली नाही. पण ती कृष्णविवरांच्या जोड्यांची असेल, तर एक गोष्ट सिद्ध होते: त्या शेवटच्या पार्सेकवर कायमच्या अडकून बसत नाहीत. आवाज अनेकांच्या अपेक्षेपेक्षा थोडा मोठाच निघाला.

त्या रात्री मी अण्णांना फोन केला आणि सांगितलं, बहुधा जुळतं म्हणून. “बहुधा?” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

८. हिंगोलीचं काम वेगळं

हिंगोलीत औंढा नागनाथजवळ उभी राहणारी लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा या जोड्या ऐकेल का? नाही. चार किलोमीटरच्या भुजांना दहा-वीस-शंभर सूर्यांच्या कृष्णविवरांची लहर ऐकू येते, जी सेकंदाच्या शंभराव्या भागात येऊन जाते. आमची एक लहर पुरी यायला वर्षं लागतात. मधल्या वजनाच्या, लाखो सूर्यांच्या जोड्यांसाठी युरोपची लिसा २०३५ च्या सुमारास अंतराळात जाणार आहे. तिच्या भुजा २५ लाख किलोमीटरच्या. तिला मात्र खरोखरचं विलीन होणं ऐकू येईल.

९. एकत्र आल्यावर कधी कधी घर सोडावं लागतं

शेवटच्या क्षणी लहरी सगळ्या दिशांना सारख्या जात नाहीत. एका बाजूला जास्त गेल्या तर नव्या कृष्णविवराला उलट्या बाजूने धक्का बसतो. संगणकावरच्या गणितांत हा धक्का सेकंदाला काही हजार किलोमीटरपर्यंत जातो, म्हणजे दीर्घिकेतून कायमचं बाहेर पडण्याइतका. असं दर वेळी होत नाही. फिरण्याच्या दिशा कशा जुळल्या आहेत त्यावर ठरतं.

१०. आपली पाळी

देवयानी दीर्घिका आपल्यावर येऊन मिसळणार, हे मीही टेबलामागून छातीठोकपणे सांगायचे. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नव्या हिशेबाने ती खात्री काढून घेतली: पुढच्या हजार कोटी वर्षांत असं होण्याची शक्यता निम्म्यावर आली आहे. झालंच तर आपलं ४३ लाख सूर्यांचं कृष्णविवर तिच्या दहा कोटींच्या आसपासच्या कृष्णविवराकडे जाईल. याही बाबतीत मी आता ‘बहुधा’ सुद्धा म्हणत नाही.

नोव्हेंबरात रात्री नऊ-साडेनऊला देवयानी डोक्याच्या जरा उत्तरेला येते. साध्या डोळ्यांना धुरकट ठिपका दिसतो. पंचवीस लाख वर्षांपूर्वी निघालेला उजेड. आमच्या मळ्यातून तो अजून दिसतो. तुमच्या गावाबाहेर दिव्यांपासून सुटलेला एखादा बांध उरला असेल, तर या वर्षीच जाऊन पाहून घ्या.